वाचकांचे प्रश्न : तीन लाखांत सेकंडहँड गाडी, आणि ती केए घ्यायची का एमएच?

ऊसबिलं बँकेत जमा व्हायला लागली की आपल्या भागात जुन्या गाड्यांचे सौदे सुरू होतात आणि ह्या पानाकडे येणारी पत्रंही मग गाडीचीच असतात. ह्यावेळी इतकी आली की अख्खं पान गाडीलाच दिलंय. नावं छापलेली नाहीत, गाव-तालुका तेवढा दिलाय. बहुतेकांनी विचारलंय की कुठली गाडी घेऊ, आणि मला प्रत्येकाला आधी एकच सांगायचंय, मालक फोनवर सांगतो त्या आकड्यावर बजेट बसवू नका. गाडी तुमच्या नावावर होऊन, इन्शुरन्स उतरवून, टायर-बॅटरी धड करून दारात उभी राहते तेव्हा जो आकडा होतो तो खरा, आणि आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहतो म्हणून ह्या दोन आकड्यांतलं अंतर आपल्याला जास्तच पडतं.

प्रश्न (खानापूर तालुका) : घरात आई-वडील, आम्ही दोघं आणि एक मुलगी. वडिलांना महिन्यातून दोन-तीनदा बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतंय, बाकी लग्नकार्य, बाजार, एखादवेळ गोवा. महिन्याला पाचशे किलोमीटर धरा. सगळं मिळून तीन लाख आहेत, त्याच्यावर एक रुपया नाही. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक कोल्हापूरची २०१४ ची डिझेल स्विफ्ट, एमएच ०९ पासिंग, २ लाख ८० म्हणतोय. दुसरी बेळगावातलीच २०१५ ची पेट्रोल वॅगनआर, केए २२, तो ३ लाख म्हणतोय. स्विफ्ट मला आवडली आणि स्वस्तपण आहे, डिझेल म्हणजे मायलेजपण देईल. कुठली घेऊ तेवढं सांगा की.

उत्तर : वॅगनआर, पण तीन लाखाला नको.

आधी स्विफ्टचं सांगतो कारण तुमचा जीव तिच्यात अडकलाय असं पत्रावरून वाटतंय. गाडी महाराष्ट्रातली आणि तुम्ही कर्नाटकातले, म्हणजे आधी कोल्हापूर आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, मग बेळगाव आरटीओत गाडी नेऊन दाखवायची, चेसिस नंबर तपासून घ्यायचा, आणि नवा केए नंबर मिळायच्या आधी कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स भरायचा. हा टॅक्स आपल्याकडे बराच आहे, नव्या गाडीला ५ लाखापर्यंत १३ टक्के, ५ ते १० लाखाला १४, १० ते २० ला १७ आणि त्याच्यावर १८, वर सेस वेगळा. जुन्या गाडीला वय वाढेल तसा तो उतरतो हे खरं, पण तो धरतात गाडी नवी असतानाच्या किमतीवरून, तुम्ही सौदा कितीला केला त्यावरून नाही, त्यामुळे २ लाख ८० च्या गाडीला टॅक्सपण किरकोळच बसेल असं मनाशी धरून गेलात तर खिडकीवर धक्का बसतो. आरसीची झेरॉक्स घेऊन आधी आरटीओत जा, ह्या गाडीला किती बसेल ते काढून घ्या, आणि तो आकडा हातात येईपर्यंत इसार देऊ नका. मालकाने महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो, पण त्याला केएची नोंदणी झाल्यावर तिकडे अर्ज करावा लागतो, तेव्हा ते पैसे आले तर कुणाचे हे सौद्याच्या कागदातच लिहून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत.

आता डिझेल. महिन्याला ५०० किलोमीटर म्हणजे पेट्रोल गाडी १७ चं मायलेज देते धरलं तर साधारण ३० लिटर, डिझेल २० चं धरलं तर २५ लिटर. पेट्रोल १०३ आणि डिझेल ९१ धरा, महिन्याला फरक पडतो आठशेच्या आसपास, वर्षाला साडेनऊ-दहा हजार. दहा-अकरा वर्षांच्या डिझेल गाडीचं एक इंजेक्टरचं काम निघालं किंवा टर्बोने आवाज द्यायला सुरुवात केली की तीन-चार वर्षांचा वाचलेला पैसा एका दिवसात जातो. त्या १.३ डिझेल इंजिनाला मी वाईट म्हणणार नाही, चांगलं इंजिन आहे, महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर पळणाऱ्याने जरूर घ्यावं, पण मुळात डिझेल गाडी ज्यांनी घेतली त्यांनी ती पळवायलाच घेतलेली असते, त्यामुळे तुमच्यापर्यंत येईस्तोवर तिचं बरंच आयुष्य रस्त्यावर गेलेलं असतं. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस ६ हा धुराचा कडक नियम आला आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या, पार्ट अजून मिळतात, पण मिस्त्री म्हणाला की पंप काढावा लागेल, तर खिसा रिकामा व्हायची तयारी पाहिजे.

वॅगनआरचं १ लिटरचं के १० इंजिन साधं आहे, टायमिंग चेन आहे त्यामुळे बेल्ट बदलायची भानगड नाही, पार्ट खानापुरातसुद्धा मिळतो आणि कुठल्याही गॅरेजवाल्याच्या हातातली गाडी आहे. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण तुमच्या घरासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. वडिलांना घेऊन जा आणि दोन्ही गाड्यांत मागच्या सीटवर बसवून, उतरवून बघा. स्विफ्टची सीट खाली आहे, दार मागे निमुळतं होतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसून मग आत सरकावं लागतं आणि उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो. वॅगनआरमध्ये सीट कमरेच्या उंचीला येते, माणूस नुसता वळून बसतो. दवाखान्याला जाणारी गाडी आहे, हे एकदा बघितलंत तर स्विफ्टचा विषय आपोआप मिटेल.

किमतीचं म्हणाल तर तीन लाखातले ४० ते ५० हजार बाजूला ठेवूनच बोलणी करा. टायर घासलेले असतील तर चार टायरला साधारण १५ हजाराच्या पुढे, बॅटरी चार-पाच हजार, घेतल्या घेतल्या ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल सगळं बदलायचं, कारण आधीच्याने कधी बदललं ते खरं कुणीच सांगत नाही, क्लच आला असेल तर आणखी सात-आठ हजार. इन्शुरन्समध्ये नुसतं थर्ड पार्टी १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला २,०९४ आणि त्याच्यावर जीएसटी. स्विफ्ट असती तर ३,४१६. म्हणजे वॅगनआर २ लाख ५५-६० पर्यंत आली तर घ्या. तो खाली येईना तर त्याला हेही सांगा की २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, नवीनच स्वस्त झाली म्हटल्यावर जुनीला आधीचा भाव कसा मिळेल. एअरबॅगचं मात्र विचारून घ्या. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, त्याआधीच्या वॅगनआरला ती ठरावीक मॉडेललाच आहे, एअरबॅग आणि एबीएसवाली (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम न होणारी) मिळत असेल तर दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी मी तीच घ्या म्हणेन.

प्रश्न (निपाणी) : मी शिक्षिका आहे, गाडी नुकतीच शिकलेय. शाळेला जायला अडीच लाखापर्यंत जुनी गाडी बघतेय. दोन ठिकाणी गेले तर तो माणूस माझ्याशी बोलतच नाही, सोबत आलेल्या भावाशी बोलतो, बॉनेट उघडतो आणि इंजिन एकदम मक्खन मॅडम म्हणतो. मला स्वतःला काय काय बघता येईल? एक २०१३ ची आय टेन आवडलीय, मीटरवर ३८ हजारच किलोमीटर आहेत, हे खरं असेल का?

उत्तर : ताई, बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्म्याहून जास्त तुम्हाला स्वतःला बघता येईल, त्याला मिस्त्री असायची गरज नाही, वेळ काढायची तयारी पाहिजे आणि त्याच्या घाईला बळी पडायचं नाही एवढंच.

सकाळी जा, ऊन असताना. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने आधीच चालू करून ठेवलीय, म्हणजे थंड गाडी सेल्फ मारल्यावर काय करते ते त्याला तुम्हाला दाखवायचं नाहीये, चहा पिऊन या आणि तासाभराने परत बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या. थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, झाकणाला ताकाच्या सायीसारखं पांढरट पिवळट काही लागलं असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय असा संशय घ्यायचा. कूलंटचं झाकण पण थंड असतानाच, गरम असताना चुकूनही उघडू नका. कूलंट हिरवं किंवा लाल-गुलाबी असावं, गंजाचं तपकिरी पाणी असेल तर गाडीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलंय.

मग चालू करा आणि भावाला सायलेन्सरच्या मागे उभं करा. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येते आणि जाते, त्याचं काही नाही. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण सैल करायला सांगा, फुसफुस करून जोरात हवा आणि धूर वर आला तर त्याला गॅरेजमध्ये बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तिथून सरळ घरी या, कितीही स्वस्त देत असला तरी.

ठोकलेली गाडी ओळखायला बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या मडगार्डचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग सलग असतो. पाना लागला की कडेचा रंग उडतो, तुम्हाला लगेच दिसेल. एखादं मडगार्ड किंवा दार बदललेलं असलं म्हणून गाडी वाईट होत नाही, आपल्याकडच्या गल्ल्यांत कुणाची तरी लागतेच. पण दारांची रबरं बाजूला करून आतला खांब बघा, तिथे वेल्डिंगचे गोल ठिपके एकसारखे असतात, ते गायब असतील किंवा लांबी भरून घासल्यासारखं दिसत असेल तर ती मोठी ठोकर आहे, ती गाडी घेऊ नका.

चालवताना तवंदी घाट तुम्हाला जवळच आहे, तिकडेच न्या. एसी लावून तिसऱ्या गिअरमध्ये चढवा, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे जात नाही असं वाटलं तर क्लचप्लेट संपलीय. टेंपरेचरचा काटा किंवा लाइट बघत राहा. उतरताना ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का ते बघा. गावात आल्यावर स्पीडब्रेकरवरून काचा खाली करून रेडिओ बंद करून न्या, खटखट आवाज आला तर बुश, लोअर आर्म, शॉकअप ह्यातलं काहीतरी आहे, त्याचे पैसे किमतीतून कमी करायला सांगायचे.

३८ हजाराचं विचाराल तर, एखाद्या निवृत्त माणसाची गाडी खरंच तेवढी कमी पळलेली असू शकते, पण त्याला पुरावा पाहिजे, मीटर म्हणजे पुरावा नाही, तो पाहिजे तेवढा मागे घेता येतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीची सर्व्हिस हिस्ट्री असते, मालकाला सोबत घेऊन किंवा त्याच्याकडून मागून घ्या, प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते ते त्यात असतं. टायरवर चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. ३८ हजारात टायरचा दुसरा सेट झाला तर वयामुळे बदलला म्हणता येईल, तिसरा असेल तर प्रश्न विचारा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय, स्टिअरिंग चकाकतंय, आणि मीटर ३८ हजार सांगतंय, असं असेल तर मीटर खोटं बोलतंय.

आणि आय टेनचं इंजिन कुठलं ते आधी विचारा. १.२ लिटरचं ‘कप्पा’ नावाचं इंजिन असेल तर त्याला चेन आहे. १.१ असेल तर टायमिंग बेल्ट आहे आणि बेल्ट नुसता किलोमीटरने नाही, वर्षांनीसुद्धा संपतो, त्यामुळे गाडी कमी पळलीय म्हणून बेल्ट चांगला असं होत नाही. बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलायचा खर्च धरूनच भाव करा, कारण चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर वाल्व वाकतात आणि हेड उतरवावं लागतं.

हे सगळं बघून झालं आणि गाडी पसंत पडली की मगच मिस्त्री न्या, तुमच्या ओळखीचा, विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि त्याला त्याच्या वेळेचे पाचशे-हजार रुपये द्या. फुकट आलेला मिस्त्री वरवर बघतो. स्कॅनर असलेला असेल तर उत्तमच. आणि तो डीलर भावाशीच बोलत राहिला तर भावाला सांगा गप्प उभा राहा म्हणून, पैसे तुमचे आहेत आणि गाडी तुमच्या नावावर होणार आहे.

प्रश्न (चिकोडी तालुका) : सांगलीत एका डीलरकडे २०१७ ची पेट्रोल गाडी आहे, बाहेर हाय त्यापेक्षा ऐंशी हजार कमी सांगतोय. घरचे म्हणतायत पुरातली असणार. दिसायला एकदम चकाचक आहे. कसं ओळखायचं?

उत्तर : घरच्यांची शंका बरोबर आहे, खरी निघेल का नाही ते बघून ठरवा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळेला कृष्णा, पंचगंगा, वारणा, आणि आपल्या बाजूला वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, सगळ्यांनी एकदमच हात धुवून घेतले, सांगलीची निम्मी शहरवस्ती, शिरोळ, इकडे गोकाक, कल्लोळ, येडूर, यमगर्णीजवळ तर हायवेच पाण्याखाली. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या पुढे कुठेतरी गेल्याच ना. सांगलीची प्रत्येक गाडी बुडालेली नाही आणि बेळगावची प्रत्येक कोरडी नाही, म्हणून गाव बघून निकाल देऊ नका, गाडी बघा.

डिकी उघडा, चटई काढा, स्टेपनी बाहेर काढा आणि त्या खड्ड्यात बोट फिरवा. गाळ तिथे बसतो आणि धुणाऱ्याचा हात तिथपर्यंत जात नाही. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, पूर्ण, अगदी टोकापर्यंत, पाणी जिथवर चढलं होतं तिथे पट्ट्यावर मातीची रेघ राहते आणि ती धुऊन जात नाही. पुढची सीट मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट बॅटरी मारून बघा, तिथे पावसाचं पाणी कधी जात नाही, त्यामुळे तिथला गंज म्हणजे गाडी आतून भिजलेली. फ्यूज बॉक्स उघडून पिना हिरवट झाल्यात का ते बघा. आतमध्ये परफ्यूमचा वास जरा जास्तच येतोय वाटलं तर काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं बसा, ओल्या सतरंजीचा वास वर येतो.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा लाइट लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढून टाकलाय. चारी काचा एकाच वेळी वरखाली करा, वायपर, हॉर्न, सगळे लाइट. बुडालेल्या गाडीचं इंजिन पुन्हा बांधता येतं, वायरिंग आणि सेन्सर मात्र वर्ष-दोन वर्षांनी एकेक करून जायला लागतात आणि मग गॅरेजवाल्यालाही कळत नाही नेमकं काय गेलंय. शेवटचं म्हणजे जुन्या पॉलिसीचा नंबर मागा आणि इन्शुरन्स कंपनीकडून क्लेमची माहिती काढा. सर्व्हिस हिस्ट्रीत त्या महिन्यांच्या आसपास मोठं बिल किंवा मोठा खंड दिसला आणि डीलर टाळाटाळ करायला लागला की ऐंशी हजार का कमी ते समजलं.

प्रश्न (बेळगाव, अनगोळ) : माझे मामा चंदगडला असतात. गाडी त्यांच्या नावावर एमएच ०९ पासिंगवर घ्यायची आणि इथे वापरायची असं घरात चाललंय, टॅक्स वाचतोय. बरेचजण करतात. काही अडचण येईल का?

उत्तर : बरेचजण करतात हे मलाही माहीत आहे, पण येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. मामांकडे जाऊन-येऊन असणारी गाडी वेगळी आणि अनगोळात रोज रात्री दारात लागणारी वेगळी, तपासणीत थांबवलं तर ते सिद्ध करणं तुमच्यावर येतं, आणि टॅक्स मग दंडासकट भरायचा.

पण मला टॅक्सपेक्षा मामांची काळजी जास्त वाटते. गाडी तुम्ही चालवणार, तुमच्या हातून कुणाला लागलं आणि त्यावेळी इन्शुरन्स संपलेला असला, तर नोटीस मामांना जाणार, कारण कागदावर मालक ते. चंदगडात बसलेल्या माणसाला बेळगावच्या कोर्टात तारखेला यायला लावणार का? उद्या काही बरंवाईट झालं तर गाडी त्यांच्या वारसांची. बेळगावात केए २२ मिळत नसेल तर केए २३ बघा, चिकोडीची, नाहीतर गोकाकची केए ४९, आपल्याच राज्यातली असल्याने नंबर तोच राहतो, परत टॅक्स नाही, नुसतं नाव बदलायचं.

प्रश्न (अथणी) : दिल्लीहून डिझेल एसयूव्ही आणून देणारा एकजण आहे, २०१५ ची, इकडच्या निम्म्या भावात. घेऊ काय?

उत्तर : भावा, स्वस्त का आहे ते आधी समजून घे. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, बंदी घातली होती, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, २०२५ मध्ये कोर्टानेच ती सैल केली, पण तोवर तिकडे त्या गाड्यांचे भाव पडले होते. गाडी चांगली असू शकते, पण निम्म्या भावात तू कर्नाटकाचा टॅक्स मिळव, मोठ्या गाडीला तो मोठाच बसतो, आणायचा खर्च मिळव, आणि हे लक्षात घे की कुठल्याही खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, म्हणजे हिची थोडीच वर्षं उरलीत. त्यानंतर फिटनेस काढून पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं, १ एप्रिल २०२२ पासून पहिल्या रिन्यूचीच फी ५ हजार आहे. एवढं सगळं धरूनही परवडत असेल तर एनसीआरबीच्या (केंद्राचा गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची नाही ना ते बघ, परिवहनच्या साइटवर लोन चढलेलं नाही ना ते बघ, एनओसी खरी आहे का ते तुझ्या आरटीओला विचार, आणि पैसे रोख देऊ नकोस. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं तसंही इन्कमटॅक्स कायद्यात बसत नाही. फोटो बघून ॲडव्हान्स मागत असेल तर विषय तिथेच बंद कर.

प्रश्न (बेळगाव, शहापूर) : जुनी पेट्रोल गाडी घेतली तर आताच्या २० टक्के इथेनॉलने खराब होईल असं ऐकतोय. मग जुनी घ्यायचीच नाही का?

उत्तर : घ्या काका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्मा कमी म्हणून मायलेज थोडं उतरतं, ते धरून चाला. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांसाठी बनलेल्या आहेत, त्यांच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील कडक होऊन चिरतात का ते प्रत्येक सर्व्हिसला बघायला सांगा, बदलायला फार पैसे लागत नाहीत आणि पेट्रोल गळणं मात्र धोक्याचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळाभर गाडी टाकीत थोडंसं पेट्रोल ठेवून उभी करू नका, आठवड्यातून एकदा फिरवा. हे इथेनॉल आपल्या भागातल्या उसातूनही निघतंय, तेव्हा ते काही आता जाणार नाही.

प्रश्न (बैलहोंगल) : शेजारचे काका वारले, काकू त्यांची गाडी आम्हाला देतो म्हणतायत. काकांनी सही केलेले टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) कपाटात आहेत, तेच वापरले तर चालतील का? आणि आमची जुनी गाडी गेल्यावर्षी विकली, तिचे दंडाचे मेसेज अजून मलाच येतायत, ते कसं थांबवू?

उत्तर : ते फॉर्म वापरू नका, माणूस गेल्यावर त्याच्या सहीने व्यवहार करणं म्हणजे फसवणूक होते आणि त्यात काकूच अडकतील. आधी गाडी काकूंच्या नावावर करायची, त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती लागते, मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असतो. मुदत गेली असली तरी जाऊन विचारा, काम होतं. तुम्हीच काकूंना घेऊन जा, आणि लोन असेल तर बँकेचा किंवा पतसंस्थेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी उतरवून घ्या. मग काकूंकडून तुमच्या नावावर फॉर्म २९ आणि ३० भरून. इन्शुरन्ससुद्धा १४ दिवसांत नावावर करायला टाका. काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्या गाडीवरून तुम्हाला मिळत नाही.

विकलेल्या गाडीचं हलक्यात घेऊ नका. आरसीवर नाव तुमचं आहे तोवर कायद्याला मालक तुम्हीच, सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या एका निकालात अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलंय, मधे गाडी कितीही हात फिरली असली तरी. घेणाऱ्याला आजच फोन करा, त्याने पुढे विकली असेल तर त्याच्याकडून पुढचं नाव घ्या. विक्रीचा कागद, पैसे खात्यावर आल्याची नोंद आणि त्याच्या आधारची झेरॉक्स जोडून आरटीओला लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. फास्टॅग अजून तुमच्याच खात्याला जोडलेला असेल, हत्तरगी किंवा कोगनोळी टोलचे पैसे तुमच्याकडून कापले जात असतील, तो बँकेला सांगून आजच बंद करा, तेवढं तरी दहा मिनिटांत होतं.